आईच्या पाठीला विचारून ठरवा

दारव्हा तालुक्यातून एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. जरा लांब होतं, कामापुरतं देतो.

"काकाजी, नमस्कार. माझं वय ५२. घरी २०१३ ची डस्टर आहे, डिझेल, ११० हॉर्सपॉवरवाली. २०१८ मध्ये अमरावतीच्या एका ठेकेदाराकडून घेतली तेव्हा ७८ हजार चालली होती, आता १ लाख ६४ हजार झाली. घेतली तेव्हा खड्डा डोळ्याला दिसे, पण बुडाला कळत नसे. आता प्रत्येक गिट्टी कमरेत येते. आई ७६ वर्षांची आहे, मणक्याचा त्रास आहे, दर तीन आठवड्यांनी सेवाग्रामला न्यावं लागतं. मागच्या खेपेला म्हणाली, 'बाप्पा, यापेक्षा बैलबंडी बरी होती.' तालुक्याचा मिस्त्री म्हणतो फ्रेंच गाडी आहे, पार्ट भेटत नाही, विकून टाका. दोन वर्षांपूर्वी गाडी खाली लागते म्हणून त्यानंच चारही स्प्रिंगांत रबराचे बफर घालून दिले. पूर्ण सस्पेन्शनचे ३८ हजार सांगतो. पुण्याचा पोरगा म्हणतो भंगार काढा, नवी घ्या, हप्ता १७ हजार, पाच वर्षं. टायमिंग बेल्ट का काय, तो बदलला होता की नाही हे ठेकेदारालाही माहीत नाही. काय करू?"

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली, तीही "का काय" म्हणत. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सस्पेन्शन, विक्री, पोराशी वाद, हे सगळं त्यानंतर.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूला झाकणाआड फिरणारा दातेरी रबरी पट्टा. खालचा क्रँक (पिस्टनांना जोडलेला दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना तो एका तालात ठेवतो. तुमच्या गाडीचं १,४६१ सीसीचं डिझेल इंजिन साखळीवर नाही, पट्ट्यावर चालतं. तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह खाली अडकतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. मग हेड उघडावं लागतं आणि तो खर्च तुमच्या ३८ हजारांना हसतो. रबर किलोमीटरनं झिजतं तसंच नुसत्या वयानंही मरतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बॉनेटखाली काय होत असेल याचा विचार करा. तुमच्याकडे बिल नाही, ठेकेदाराकडे नाही, म्हणजे पट्टा मूळचाच आहे असं धरायचं. तेरा वर्षांच्या आसपासचा. "माहीत नाही" याचा अर्थ आमच्या धंद्यात "बदला" असाच होतो.

हे मी वर्कशॉपात शिकलो असं सांगितलं तर बरं दिसलं असतं, पण शिकलो रस्त्यावर. एसटीच्या आगारात ३१ वर्षं बसगाड्यांखाली झोपून काढली आणि स्वतःच्या घरच्या जुन्या गाडीचा पट्टा (कोणती गाडी ते जाऊ द्या) कळंबच्या अलीकडे तुटला. धडाम वगैरे काही नाही. गाडी नुसती गप्प झाली, जशी वीज जाते. मी बॅटरी तपासली, डिझेल तपासलं, दोनदा सेल्फ मारला, आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतोय हे ऐकल्यावर पोटात खड्डा पडला. कापसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "लोकांच्या गाड्यांचं तर सांगत होते ना?"

तर आधी पट्टा. आणि एकटा पट्टा नाही, त्याच्याबरोबर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. तो सहा महिन्यांनी गळला तर सगळी उघडझाक पुन्हा करावी लागेल आणि मजुरी पुन्हा मोजावी लागेल. ज्याच्याकडून करून घ्याल त्याला एकच प्रश्न विचारा: क्रँक आणि कॅम अडकवायच्या पिना आहेत का? "खडूनं खूण करतो ना" असं उत्तर आलं तर चहा प्या आणि उठा. हे काम यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर, जिथं पिना असतील तिथं करा. ते होईपर्यंत आईची सेवाग्रामची फेरी दुसऱ्याच्या गाडीनं करा. सत्तर-ऐंशीच्या वेगानं चाललेली गाडी हमरस्त्यावर अचानक गप्प होणं आणि मागच्या सीटवर मणक्याचं दुखणं असणं, हे दोन्ही एकत्र नको.

आता त्या "फ्रेंच" शब्दाचं. मिस्त्री लोकांनी या शब्दाला भुतासारखं करून ठेवलं आहे. तुमची गाडी रेनॉ या फ्रेंच कंपनीची, तिचं मूळ घराणं रोमानियातल्या डाचियाचं, आणि बांधली गेली चेन्नईजवळ ओरगडमला. भारतात ती २०१२ च्या जुलैत आली. सुरुवातीची काही वर्षं ती भरपूर विकली गेली, डिझेल २०२० मध्ये धुराचे नवे नियम, म्हणजे बीएस-६, आल्यावर बंद झालं. तिचं इंजिन फक्त तिच्यातच नाही. निसानची टेरॅनो तर तिची जुळी बहीण, चेहरा तेवढा वेगळा. हेच डिझेल इंजिन निसानच्या सनी आणि मायक्रात होतं, महिंद्राच्या लोगनमध्ये होतं, आणि लोगनचंच नाव बदलून झालेल्या व्हेरिटोतही. तुमच्या तालुक्यात व्हेरिटो टॅक्सी कधी पाहिली नाही असं म्हणू नका. "पार्ट भेटत नाही" याचं खरं भाषांतर बहुतेक वेळा "मी कधी मागवला नाही" असं असतं. दुकानात "डस्टरचा लोअर आर्म द्या" असं मोघम न सांगता आरसी बुकातला चेसिस नंबर पाठवा, त्यावरून नेमका पार्ट नंबर निघतो. टेरॅनोचा पुष्कळसा भाग तुमच्या गाडीला चालतो, पण नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. "दिसायला सेम आहे" हे वाक्य फार महाग पडतं.

फ्रेंच गाड्या आरामाला नावाजलेल्या आहेत, ते खोटं नाही. त्याची एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती शेतकऱ्याची आहे. सिट्रोएन कंपनीचे पिएर बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या इंजिनिअरांना खेड्यातल्या माणसासाठी गाडी करायला सांगितली. अट अशी की दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ती चालावी, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या वावरातून नेली तर एक अंडं फुटू नये. पुढं युद्ध आलं, गाडी झाकून ठेवावी लागली, आणि शेवटी १९४८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. 'टू सीव्ही'. लोक हसले, डब्यासारखी दिसते म्हणाले, आणि मग १९९० पर्यंत ती बनत राहिली. त्याच कंपनीनं १९५५ मध्ये 'डीएस' काढली, तिच्यात स्प्रिंगाच नव्हत्या. तेल आणि नायट्रोजन भरलेल्या गोळ्यांवर गाडी तरंगायची. तसलं काही तुमच्या डस्टरमध्ये असतं तर मीही म्हणालो असतो, भाऊ, हात जोडा आणि विका.

पण तसलं काही नाही. पुढं साधे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागं एक आडवा अ‍ॅक्सल, दोन स्प्रिंगा, दोन शॉकअप. (चार चाकं फिरणारी एडब्ल्यूडी असेल तर मागची मांडणी वेगळी, पण तुम्ही तसं लिहिलेलं नाही.) याच मांडणीच्या गाड्या तुमचा मिस्त्री रोज खोलतो. फरक जादूचा नाही, मापाचा आहे. स्प्रिंग मऊ ठेवली, चाकाला वर-खाली जायला जागा भरपूर दिली, आणि ती हालचाल आवरायला शॉकअप दमदार दिला. स्प्रिंग खड्डा गिळते, शॉकअप तिला उचकी लागू देत नाही. आपल्या काळ्या मातीच्या रस्त्याला हीच मांडणी लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत लाटा घेतं. पुण्याच्या रस्त्यावर खड्डे असतात, आपल्या रस्त्यावर खड्डे आणि लाटा दोन्ही. कडक स्प्रिंगेची गाडी लाटेवर माणसाला फेकते. तुमच्या पोराला नवी घ्यायची असेल तर ती आधी गावच्या रस्त्यानं चालवून पाहा म्हणावं, शोरूमपुढच्या सिमेंटवर नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटवरून पाहू नका, मागं बसून पाहा.

आता तुमच्या आईच्या वाक्याकडे येतो. बंडी बरी होती, असं त्या म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला असं तुम्हाला वाटत असेल, मला ते निदान वाटलं. बंडीत बसायच्या आधी खाली कुटार, म्हणजे भुसा, पसरत, त्यावर गोधडी टाकत. चाकाला धक्का बसायचा, पण माणसापर्यंत पोचता पोचता तो कुटारात जिरायचा. तुमच्या गाडीत ते कुटार म्हणजे रबर. चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), लिंक रॉडचे सांधे, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग, मागच्या अ‍ॅक्सलचे बुश, इंजिनाचे फाउंडेशन, आणि सगळ्यात मोठं रबर म्हणजे टायर. तेरा वर्षांत हे सगळं वाळून दगड झालं आहे. लोखंड जागच्या जागी आहे, कुटार संपलं आहे.

त्यावर तुमच्या मिस्त्रीनं बफर घातले. राग येऊ देऊ नका, त्याचा हेतू चांगलाच असेल, पण आईच्या पाठीचं सगळ्यात जास्त नुकसान या एका गोष्टीनं केलं. बफर दोन वेढ्यांच्या मध्ये बसतो आणि तेवढे वेढे कामातून जातात. उरलेल्या वेढ्यांनी सगळं वजन सोसायचं, म्हणजे स्प्रिंग आखूड झाली आणि कडक झाली. गाडी उचललेली दिसते आणि मिस्त्रीला वाटतं काम झालं. शिवाय सगळा ताण शेजारच्या वेढ्यांवर येतो, कधी कधी स्प्रिंग तिथंच तुटते. या गाडीची उंची मूळचीच जमिनीपासून २०५ मिलिमीटर आहे. एवढी उंच गाडी खाली लागत होती तर उंची कमी नव्हती, शॉकअप दमले होते. किंवा मागं खताच्या गोण्या होत्या. पत्रात लिहिलं नाही, पण शेतकऱ्याची गाडी आहे, डिकी मोठी आहे, मला अंदाज आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. सहा गोण्या म्हणजे चार माणसं डिकीत उभी केल्यासारखं. खत ट्रॅक्टरनं आणा.

आज-उद्यात फुकटात करायची कामं तीन आहेत, तीही याच क्रमानं करायची असं काही नाही. बफर काढून टाका. जॅक आणि अर्धा तास. हवा तपासा. पंक्चरवाला विचारत नाही, चाळीस भरून देतो, "रस्ता खराब आहे ना" म्हणतो. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला आत कंपनीनं चिकटवलेल्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तेवढीच भरा, सकाळी टायर थंड असताना. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, तेही पाहून घ्या. ३२१९ असं असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. तुमचे आकडे तसे किंवा त्याहून जुने निघाले तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, रबर लाकडासारखं झालं आहे. आधी टायर, मग बाकीचं सस्पेन्शन. कित्येकांचा अर्धा धक्का नुसत्या टायरनं जातो.

आणि तिसरं म्हणजे आईला पुढं बसवा.

मी खात्रीनं सांगतो त्या मागं बसतात. आपल्याकडे पुढची सीट कर्त्या पुरुषाची, नाहीतर जावयाची. आई मागं, आणि मागंही बहुतेक मध्ये, दोन्ही बाजूंना कोणीतरी आधाराला. पण मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवर असते. चाक उडालं की सीट उडते. पुढची सीट दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधल्या भागात असते, तिथं झोका लागतो, धक्का कमी लागतो. बसमध्येही शेवटच्या बाकावर कोण उड्या मारतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सीट पूर्ण मागं सरकवा, पाठ जरा कलती करा, कमरेमागं टॉवेलची गुंडाळी द्या, आणि सीटबेल्ट लावाच. ही गाडी उंच आहे, म्हणजे आईला खाली वाकून बसावं लागत नाही, सीट कमरेच्या उंचीला येते. नव्या गाड्या पाहायला जाल तेव्हा हेही पाहा. डॉक्टरांना मात्र एकदा विचारा की प्रवासात कमरेचा पट्टा बांधायचा का, मध्ये किती वेळानं उतरून चालायचं. ते माझं काम नाही.

आता ३८ हजारांचं. आकडा चुकीचा आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, पण "पूर्ण सस्पेन्शन" हे काही निदान नाही. किराणा दुकानात जाऊन "पूर्ण किराणा द्या" म्हणण्यासारखं ते झालं. कोणता आवाज कुठून येतो ते आधी पाहू. हळू चालताना बारीक गिट्टीवर कटकट येते ती बहुतेक लिंक रॉडची, आणि तो सगळ्यात स्वस्त पार्ट. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि बॉनेटखालून "टण्ण" असा स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला तर वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग. ब्रेक मारताना खालून एक ठोका आला आणि गाडी किंचित बाजूला ओढली तर लोअर आर्मचे बुश. मोठ्या खड्ड्यात एकच जबर दणका बसतो तो शॉकअप संपून शेवटच्या रबरावर आपटल्याचा. कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअपमध्ये जीव आहे, हेलकावत राहिली तर नाही. अंगावर तेलाचा ओला थर दिसला तर दाबून पाहायचीही गरज नाही. शॉकअप बदलाल तर जोडीनं बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन, एकटा नको. आणि पुढचे काढले की माउंटिंग, बेअरिंग, आतलं शेवटचं रबर तेव्हाच नवं घाला. त्या पैशात कंजुषी केली तर मजुरी दोनदा जाते.

एक बारीक गोष्ट जी पुष्कळ मिस्त्री करत नाहीत. लोअर आर्मचे नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत. तेव्हा चाक खाली ओघळलेलं असतं, बुश त्याच अवस्थेत जखडला जातो, आणि गाडी खाली उतरवली की आयुष्यभर पिळलेलाच राहतो. सहा महिन्यांत फाटतो आणि मग म्हणायचं "डुप्लिकेट माल होता." हातानं लावा, गाडी चाकांवर उभी करा, मग शेवटचा आवळा द्या. मिस्त्री हसला तर हसू द्या, पण उभे राहून करून घ्या. हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट.

तुमच्या मिस्त्रीला सोडू नका, हेही सांगून ठेवतो. पट्टा सोडला तर बाकीचं सगळं तो करू शकतो, आणि रात्री दहाला गाडी बंद पडली तर तोच येणार आहे. त्याला फक्त एक हत्यार घेऊन द्या: आठ मिलिमीटरची चौकोनी चावी. या इंजिनाच्या ऑइल चेंबरच्या नटाला बाहेरून षटकोन नसतो, आत चौकोनी खोबण असते. ती चावी नसली की लोक पान्यानं, छिन्नीनं झोंबतात आणि नट गोल करून ठेवतात. मग तो नट काढायची भीती वाटून ऑइल बदलायचंच टाळलं जातं. ऑइल साडेचार लिटरच्या आसपास लागतं. डब्यावर दहा हजार किलोमीटर लिहिलं असलं तरी आपल्या धुळीत आणि जुन्या इंजिनात सात-साडेसात हजारांवर बदला, टर्बो दुवा देईल. चावी डिकीतच ठेवा, मिस्त्रीकडे राहिली तर हरवते.

विदर्भातल्या गाडीची म्हणून आणखी दोन-तीन दुखणी आहेत. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यानं गेलं की हवेतला तंतू रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर बसतो, त्यावर धूळ, आणि त्याचा नमदा होतो. मग एप्रिलमध्ये एसी गार करत नाही आणि गॅस भरायचे पैसे जातात. संक्रांतीनंतर एकदा जाळी साध्या नळीनं, आतून बाहेरच्या दिशेनं धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरच्या पाइपनं नको, पात्या वाकतात. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका, क्षार बसतो, तयार कूलंटच वापरा. डिझेल ड्रमातलं, कॅनमधलं नको. ट्रॅक्टर ते पचवतो, या इंजिनाचे इंजेक्टर नाही पचवत, आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदला. आणि उंदीर. गाडी धान्याच्या खोलीशेजारी लावत असाल तर जागा बदला. वायरिंग कुरतडलं की अख्ख्या तालुक्यात कोणाला दोष सापडत नाही आणि सगळे मिळून गाडीला शिव्या देतात.

क्लचकडेही एक डोळा ठेवा. तुमच्या ११० च्या गाडीत क्लच केबलवर नाही, तेलाच्या दाबावर आहे, आणि तो दाबणारा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसलेला आहे. पेडल मऊ पडलं, खाली अडकून राहिलं, किंवा ब्रेक ऑइलची (क्लचलाही तेच तेल लागतं) पातळी विनाकारण उतरू लागली तर तिथं गळती आहे असं समजा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एकदा उतरवला की प्लेट आणि सिलिंडर दोन्ही बदलून टाका. अजून लक्षण नसेल तर हात लावू नका.

हिशोबाकडे येऊ. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तुमच्या मिस्त्रीचे ३८ हजार म्हणजे पावणेपाच क्विंटल कापूस. पोराचा हप्ता पाच वर्षं म्हणजे १० लाख २० हजार, जवळजवळ १२६ क्विंटल, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. व्यापारी काय भाव देतो ते तुम्ही मला सांगायला नको. कोरडवाहू वावरात एकरी किती निघतो ते तुम्ही जाणता. हप्ता पाऊस पाहत नाही. पोरगा पुण्यात पगारावर आहे, त्याच्या महिन्याला पहिली तारीख असते. तुमच्या महिन्याला नसते. त्याला हे रागानं नका सांगू, कापसाच्या क्विंटलात सांगा. तो शेतकऱ्याचाच पोरगा आहे.

पण त्याचं सगळंच चुकतं असंही नाही. जुनी गाडी ठेवायची तर कुठं थांबायचं ते आजच ठरवून ठेवा, नाहीतर "एवढं केलंच आहे तर" म्हणत म्हणत माणूस त्यात वावर घालतो. तुमच्या गाडीला २०२८ मध्ये १५ वर्षं होतात. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद, असं गावात कोणी सांगत असेल तर तो दिल्लीकडचा विषय आहे, आपला नाही. आपल्याकडे पंधराव्या वर्षी आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस मिळाला तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. म्हणून माझं मत असं: पट्टा, टायर आणि रबराचं काम आता करा आणि गाडी २०२८ पर्यंत निर्धास्त वापरा. त्याआधी इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर खर्च करू नका, आहे तशी विका. खाली चेसिसला, दारांच्या तळाला गंज धरला असेल तरीही तेच. आणि २०२८ ला आरटीओत न्यायच्या आधी मला एकदा लिहा.

विकायचीच ठरली तर आज, या अवस्थेत विकू नका. बफर घातलेली, धडधडणारी, पट्ट्याचा पत्ता नसलेली गाडी घेणारा तुमच्या अडचणीचा भाव करेल. पट्ट्याचं बिल हातात असेल तर तेच बिल बोलणी करतं.

बफर काढल्यावर एकदा आईला पुढं बसवून गावातल्या गावात, फाट्यापर्यंत फक्त, हळूहळू एक चक्कर मारा. लांब नको, पट्टा अजून जुनाच आहे. घरी आल्यावर काही विचारू नका. त्या स्वतःहून काय म्हणतात ते ऐका आणि पोराला फोनवर तेच शब्द सांगा.